धाकटीचा नळ

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

ही वही खरं तर मशीनांची आहे. कुठल्या कारखान्यातला लूम कसा वाजतो ते मी हिच्यात टिपून ठेवतो. मागच्याच पानावर आहे : "गोडादरा, सहा नंबर, धोटा परतताना खोकतो." सत्तावीस वर्षांपूर्वी शिरपूरकडून सुरतेला आलो, कारखान्यात झाडू मारायला लागलो. मशीनचं इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हतं म्हणून कानानं शिकलो. आता लूम आजारी पडला की पार सचिन गावापर्यंतचे शेठ म्हणतात, सुकलाल मिस्त्रीला बोलवा. मी दारातूनच सांगतो कुठं दुखतंय ते.

आज माणसाचं दुखणं ऐकून आलो. ते लिहायला दुसरी वही नाही.

धाकटी म्हणजे माझा भाऊ किसन, त्याची बायको. नवागामच्या खोलीत ती बावीस कामगारांचे डबे करते. गेल्या बुधवारी उकळत्या वरणाचं पातेलं तिच्या उजव्या हातावर कलंडलं. कोपरापासून बोटांच्या शेंड्यापर्यंत भाजलं. ट्रस्टच्या हॉस्पिटलात ठेवलंय. आज ड्रेसिंग चालू होतं तेव्हा मी खाली जिन्यात होतो, तिथं तिची किंकाळी ऐकली. चौदा वर्षांत तिचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. मी पडलो जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात भावजय जेठासमोर पदर ओढून असते, काही सांगायचं तर भिंतीला सांगते. "नानांना म्हणावं, पान वाढलंय." भिंत काही बोलत नाही, पण मला निरोप पोचतो.

डॉक्टरांचं म्हणणं असं की ड्रेसिंग रोज व्हायला हवं आणि दर वेळी बोटं उघडून हलवायला हवीत. नाहीतर कातडी आखडेल आणि बोटं मुठीसारखी मिटून राहतील, कायमची. धाकटी तर हाताला हातच लावू देत नाही. पुरी भूल द्यावी तर तिला दमा. पहिल्या दिवशी दिली तेव्हा श्वास अडकून सगळ्यांची पळापळ झाली. रोज रोज तो धोका कोण घेणार?

किसन व्हरांड्यात उकिडवा बसला होता. म्हणाला, "नाना, हात गया तं ती काय करी?"

मशीनबद्दल कोणी असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

भूल देणाऱ्या डॉक्टर चारुबेन आहेत. बारीक, चष्म्याच्या, वडनगरच्या बाजूच्या. त्यांनी आज मला आणि किसनला बसवून सांगितलं, "आपण संमोहन करू."

मी विचारलं, "बेन, आमच्याकडे जत्रेत एक जादूगार यायचा. त्यानं पोलीसपाटलाला कोंबडा केलं होतं. पाटील अर्धा तास आरवला. तसं करणार का हिचं?"

त्या खळखळून हसल्या. "सुकलालभाई, पिक्चर बघता ना? पडद्यावर मारामारी रंगात आली की मच्छर चावलेला कळतो? बस, एटलुंज, एवढंच. ती जागी असेल, सगळं ऐकेल, नको वाटलं तर डोळे उघडेल. दुखणं कमी करायची गोळी आपण देणारच. तरी जे उरतं, त्याच्यावरून तिचं लक्ष उठवून दुसरीकडे बसवायचं."

अडचण अशी की चारुबेन बोलणार गुजरातीत, आणि धाकटीचं गुजराती भाजीबाजारापुरतं. कळ आली की तेही कान बंद. "तिच्या घरच्या बोलीत बोलणारा पाहिजे," चारुबेन म्हणाल्या.

आधी किसन बसला. "डोया मीच" म्हणाला आणि पट्टी सुटताना बघून त्याचेच डोळे मिटले. सिस्टरनी धरला म्हणून डोकं वाचलं. मग माझी बायको रंजना बसली. तिला सांगितलं, हळू बोला. रंजनाचं हळू म्हणजे दोन गल्ल्यांत ऐकू जातं. वर मध्येच तिलाच रडू फुटलं.

मी दाराबाहेर उभा होतो. सिस्टरला म्हणालो, "थांबा, आता ओरडेल." आणि धाकटी ओरडली.

चारुबेन बाहेर आल्या. "तुम्हाला आधी कसं कळलं?"

"श्वास दोनदा अडखळला. लूम बंद पडायच्या आधी असाच अडखळतो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तमेज बोलो, तुम्हीच बोला मग, सुकलालभाई."

मी म्हणालो, अहो, मी जेठ. ती माझ्यासमोर तोंडसुद्धा उघडं ठेवत नाही, डोळे मिटून निजणार कशी? त्यावर रंजना नाक पुसत म्हणाली, "मध्ये कापडाचा पडदा लावा की! चौदा वर्षं भिंत होती, आता कापड. तेवढीच प्रगती."

६ फेब्रुवारी

पहिला दिवस. ड्रेसिंगच्या खोलीत लोखंडी चौकटीचा हिरवा पडदा. अलीकडे मी स्टुलावर, पलीकडे धाकटी, सिस्टर आणि चारुबेन. चारुबेन गुजरातीत एक वाक्य सांगणार, मी ते अहिराणीत म्हणणार.

नावावरच गाडी अडली. मी "बाई" म्हणून सुरुवात केली. "बाई, डोया मीच." शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं डोळे मिटले. फरशी पुसणारी होती, तीही हात थांबवून उभी राहिली. चारुबेन म्हणाल्या, "बाई तर मीपण आहे. नाव घ्या."

नाव मी कधी घेतलं नव्हतं. ते लग्नपत्रिकेवर वाचलं होतं तेवढंच. घसा खाकरला आणि म्हणालो, "मालती." पडद्यापलीकडून पदर ओढल्याचा आवाज आला.

चारुबेननी समुद्राचा किनारा सांगितला. लाटा येतायत, जातायत. मी सगळं नीट म्हटलं. थोड्या वेळानं पलीकडून बारीक आवाज आला. सलाईनच्या बाटलीला उद्देशून होता. "बाटले, नानांना सांग, मला पोहता येत नाही."

ड्रेसिंग अर्ध्यावर सोडावं लागलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल मनातल्या मनात दहा पायऱ्या उतरायला सांगितल्या. ती प्रत्येक पायरी मोजत होती आणि अकरावी का नाही म्हणून डोळे उघडून बसली.

आज मी चारुबेनना म्हटलं, तुमचं राहू द्या, मी माझ्या मनानं करतो. आपल्या माणसाला सुख कशात असतं हे मला कळत नाही होय? मी तिला तिच्या माहेरी नेलं. पांढरीची माती, नदीतला डोह, दारातला निंब, चुलीचा धूर. बोलता बोलता मीच बाहीनं डोळे पुसले. इतकं चांगलं मी कधी बोललो नसेन.

पलीकडे हुंदके. मी समजलो, लागलं औषध. एवढ्यात किंकाळी.

संध्याकाळी रंजनानं सांगितलं. धाकटीची आई वारल्याला नऊ वर्षं झाली. भाऊ तेव्हापासून आखाजीच्या सणालासुद्धा न्यायला येत नाहीत. सगळ्या पोरी माहेरी झोके घेतात तेव्हा ती इथं डबे भरते.

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तुम्ही कोणाला विचारलं?" रंजना म्हणाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज विचारलं. पडद्याकडे तोंड करून म्हणालो, "मालती, तुले कोठे बरं वाटस?"

मग ती बाटलीशी बोलली. सगळं अहिराणीत होतं, मी पुस्तकी मराठीत उतरवतो :

"बाटले, नवागामला गल्लीच्या टोकाला नळ आहे. पहाटे पाचला पाणी येतं. मी अर्धा तास आधी जाऊन बसते. हंडा खाली ठेवते आणि पाणी आलं की आधी मनगटं धरते त्याच्याखाली. तिथं बरं वाटतं."

नळ! मी चारुबेनकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, चालू करा म्हणून. आता समुद्र मला जमत नाही, पण नळ मला जमतो. त्याचा आवाज मला ठाऊक आहे. मी म्हटलं, मालती, अजून अंधार आहे. पाणी आलेलं नाही. आधी पाइपात हवा येईल, सूंऽऽ करील. ऐक. आता दोन थेंब. आता गुळण्या करतोय नळ. आली धार. गार आहे. मनगटावर पडतेय, तळव्यावरून, बोटांमधून खाली जातेय. हात गार पडला. हात बधिर झाला. हंडा भरायची घाई नाही.

मी कान लावून होतो. तिचा श्वास आधी वर वर होता, तो खाली उतरला, पोटात गेला, आणि तेल घातलेल्या मशीनसारखा एका लयीत चालू लागला. चिमट्याचा आवाज, पट्टी सोलल्याचा आवाज, ट्रेमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज. तिचा आवाज नाही.

"थई गयुं," सिस्टर म्हणाल्या. झालं. पूर्ण ड्रेसिंग. पहिली दोन बोटं हलवलीसुद्धा.

बाहेर किसन रडायला लागला. मी त्याला चहा पाजला आणि दोन भजी जास्त खाल्ली. माणसाच्या आवाजात केवढी ताकद असते! इतकी वर्षं मी फक्त ऐकत बसलो.

१५ फेब्रुवारी

सहा दिवस रोज नळ. आता चारुबेन वाक्यं सांगतसुद्धा नाहीत, माझ्यावर सोडतात.

आज एक गंमत झाली. नळाला धार आली इथपर्यंत बोललो आणि जरा डोळे मिटले, सूर नीट लागावा म्हणून. उघडले तर पडदा बाजूला, धाकटी वॉर्डात परत गेलेली, सिस्टर ट्रे धुतायत आणि हसतायत.

"सुकलालभाई, जागे झालात?"

"मी झोपलो नव्हतो."

"घोरत होतात."

"घोरत असतो तर बोललो कसा? मला चांगलं ऐकू येत होतं. पाणी मनगटावर पडतंय, हात गार पडतोय, शेवटपर्यंत चालू होतं."

"चालू होतं खरं," सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. "पण बारीक आवाजात."

मग बोलणारा मीच असणार, दुसरं कोण? दमल्यावर माझा आवाज बारीक होतो. चारुबेन मात्र म्हणाल्या, संमोहन सगळ्यात आधी करणाऱ्यालाच लागतं. मला नाही लागणार. मी खमका माणूस आहे.

(माझ्या पोटातली जुनी आग हल्ली कमी आहे. आठवडाभरात पाचक गोळीची बाटली उघडली नाही. रंजना ताकात जिरं घालते त्याचा गुण.)

२२ फेब्रुवारी, शनिवार

चार बोटं उघडतायत. करंगळी हट्टी आहे. चारुबेन म्हणाल्या, अजून तीन आठवडे असंच चाललं तर हात वाचला समजा. तीन आठवडे एकही दिवस चुकता कामा नये.

मी खूश होऊन काहीतरी करायचं ठरवलं. देवानं दिलंय, तर घरच्या माणसासाठी वापरू नये? बिचारी नळासाठी पहाटे अंधारात गल्लीच्या टोकाला जाऊन बसते. तो नळ तिच्या घरातच आणतो! ओट्याशेजारी, हात लांब केला की पाणी. प्लंबर धुडकूला बोलावून माप घ्यायला लावलं. किसनला सांगितलं, रंजनाला सांगितलं, नवागामच्या चहावाल्यालाही सांगितलं. तिच्या मनातलं मला कसं कळलं ते ऐकून सगळे थक्क. चहावाला म्हणाला, "जेठ असावा तर असा." धाकटीला मुद्दाम सांगितलं नाही. घरी येईल तेव्हा बघेल.

रंजनानं फक्त विचारलं, "तिला हवाय का घरात?"

म्हटलं, हे काय विचारणं झालं?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं बिघडलं.

"पाइपात हवा आली" म्हणालो आणि तिचा श्वास अडखळला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडखळला. माझ्या आवाजात खोट नव्हती, मी तपासलं. पट्टीला हात लागताच ती किंचाळली. सिस्टरनी दोनदा प्रयत्न केला, मग ट्रे ठेवून दिला. बोटं हलवलीच नाहीत. चारुबेन म्हणाल्या, आजचा दिवस गेला, उद्याचा गेला तर करंगळी आणि शेजारचं बोट माझ्या हातातून जातील.

मी स्टुलावर तसाच बसून राहिलो. कुठं दुखतंय तेच ऐकू येईना.

मग पडदा हलला. डाव्या हातानं तिनं तो कडेला सारला. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. चौदा वर्षांत मी तिचा चेहरा सरळ पाहिला तो आज. बाटली नाही, भिंत नाही. माझ्याकडे बघून म्हणाली,

"नाना, नळ तठेच ऱ्हाऊ द्या."

काल किसननं तिला खूश करायला सांगून टाकलं होतं.

मी म्हणालो, "अगं, तुझ्याच सोयीचं केलं. अंधारात जाणं वाचेल."

"घरात नळ आला की तो घरचा झाला," ती म्हणाली. "पाणी येताच हंडे लावा, तांदूळ धुवा, यांना आंघोळीला द्या. तिथं कोपऱ्यावर अर्धा तास मला कोणी हाक मारत नाही. दिवसभरात तेवढाच." पुढं म्हणाली, "आणि आता तर गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं, मी तिथं का जाते ते. चहावाल्याची बायको काल इथं येऊन हसून गेली."

एवढं बोलून तिनं पडदा पुन्हा ओढून घेतला.

चारुबेननी मला बाहेर नेलं. "पडद्याआडचं तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत?"

मी बोटं मोजली. एक हात पुरला नाही.

"डॉक्टर असं करत नाही, सुकलालभाई."

"मी कुठं डॉक्टर? मी मिस्त्री."

"त्या स्टुलावर बसलात ना? मग झालात."

२६ फेब्रुवारी

सकाळी नवागामला जाऊन धुडकूला परत पाठवला. त्यानं पाइप आणूनसुद्धा ठेवले होते. किसन कुरकुरला, "नाना, लोक हसतील. दारात आलेलं पाणी कोणी परत पाठवतं का?" म्हटलं, हसू दे. सांग, नानाचं डोकं फिरलं. चहावाल्याकडे जाऊन म्हणालो, नळाची गोष्ट मी रचलेली होती, मला मोठेपणा मिरवायचा होता. तो म्हणाला, "तरीच!" हे 'तरीच' मला जरा लागलं, पण गिळलं.

मग दवाखान्यात. पडद्याजवळ उभं राहून सांगितलं, नळ तिथंच आहे. आणि इथलं बोलणं इथंच राहील, आईची शपथ.

मी स्टुलावर बसलो. सुरुवात कशी करावी सुचेना. तेवढ्यात तीच म्हणाली, "नाना, हवा आली पाइपात."

झालं ड्रेसिंग. करंगळी थोडी हलली. मी मध्ये किती बोललो ते नीट आठवत नाही.

६ मार्च, गुरुवार

सचिनला एका शेठचे चोवीस लूम एकदम बसले. मला निघता येईना. दिवसभर जिवाची धाकधूक. ड्रेसिंगचं काय झालं असेल, माझ्याशिवाय ती पोर कशी सहन करेल?

सुटल्यावर फोनच्या बूथवरून हॉस्पिटलात लावला. सिस्टर म्हणाल्या, "बधुं सरस, सगळं छान. ती स्वतःच पुटपुटत होती. रोजच्यासारखं."

बघा, माझा आवाज तिच्या कानात किती मुरला आहे! मी पाच कोस लांब, तरी काम करतो. चारुबेनना हे सांगितलं पाहिजे. 'रोजच्यासारखं' म्हणजे काय ते विचारायचं राहिलं.

१८ मार्च, मंगळवार

शेवटचं ड्रेसिंग. पडदा लावलाच नाही. कोणी लावायला सांगितलं नाही, कोणी काढायला सांगितलं नाही. धाकटीनं डोक्यावर पदर घेतला होता, तोंड उघडं होतं. रंजना माझ्या कानाशी म्हणाली, "बघताय काय असे? मांजराला दूध पिताना बघतात तसे?"

कातडी गुलाबी, पातळ, नव्या बाळासारखी. चारुबेन म्हणाल्या, मूठ. धाकटीनं मूठ वळली. करंगळी सगळ्यांच्या मागून आली, पण आली. चारुबेन म्हणाल्या, उघडा. पाचही बोटं उघडली. पूर्ण सरळ नाही, करंगळी जरा वाकडीच राहील, पण लाटणं धरेल, हंडा धरेल. किसन त्या तळव्याकडे असा बघत होता की जणू त्यात काही लिहिलंय.

आम्ही निघतच होतो तेवढ्यात दाराजवळच्या खाटेवर आरडाओरडा सुरू झाला. कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये वाफेनं पाय भाजलेला म्हातारा, साक्रीकडचा. सिस्टर ट्रे घेऊन उभ्या, आणि तो अहिराणीत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. चारुबेननी आशेनं माझ्याकडे बघितलं.

मी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, घसा खाकरला. नदीनं सुरुवात करावी की शेतानं, मनात जुळवत होतो. एवढ्यात स्टूल ओढल्याचा आवाज आला. धाकटी त्याच्या उशाशी जाऊन बसली होती. कोणाला विचारलं नाही, ना किसनला, ना मला. नव्या हातानं त्याच्या खांद्याला धरलं आणि म्हणाली,

"बाबा, तुमले कोठे बरं वाटस?"

म्हातारा शिवी द्यायच्या बेतात होता, तो थांबला. बहुतेक हे त्याला कधी कोणी विचारलं नसावं. त्याचा श्वास वरचा होता, मग एकदा मोठा आला, मग जरा खाली बसला. मी बाकावर टेकलो. रंजनाला खुणेनं सांगितलं, गप्प.

मग तो बोलला. अगदी हळू, फक्त तिच्यापुरतं. माझे कान असे आहेत की शब्द न् शब्द ऐकू आला.

तो काय म्हणाला ते इथं लिहीत नाही.